चित्रकार्डावरील विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाच्या इमारतीचें जुनें चित्रकार्ड अद्यापि कित्येक घरांतील ट्रंकांत किंवा पोथ्यांच्या पानांत सांपडतें. उंच राजाबाई टॉवर, पायथ्याशीं ग्रंथालय आणि शेजारीं पदवीदानाचें सभागृह, असें तें दृश्य असतें. कार्डाची पाठ केवळ पत्त्यापुरती राखलेली असेल, तर तें बहुधा विसाव्या शतकाच्या आरंभींचें समजावें. पाठीवर मजकुरासाठीं निराळी जागा मिळूं लागली ती त्या शतकाच्या पहिल्या दशकांत. तोंवर कुशलवृत्त चित्राच्या कडेकडेनें लिहावें लागे.

असें कार्ड पाहिलें म्हणजे हा मनोरा म्हणजेच विद्यापीठ, अशी समजूत होणें साहजिक आहे. परंतु सनावळी निराळें सांगते. विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ मध्यें त्याच्या पहिल्या पदवीधरांत होते. मनोऱ्याची कोनशिला बसली १८६९ मध्यें, आणि काम पुरें व्हावयास १८७८ साल उजाडलें. ज्यांनीं विद्यापीठास कीर्ति मिळवून दिली, त्यांनीं पदवी घेतली तेव्हां या मनोऱ्याचा एक दगडहि रचला गेला नव्हता! शिवाय, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेली ही संस्था प्रथम केवळ परीक्षा घेई. अध्यापन चाले तें एल्फिन्स्टन, डेक्कन यांसारख्या कॉलेजांत.

दगडामागेंहि माणसेंच आहेत. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. परंतु ते हिंदुस्थानांत कधींच आले नाहींत. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील नाना जातींच्या लोकांचे जे पुतळे आहेत, त्यांचे नमुने असिस्टंट इंजिनिअर मुकुंद रामचंद्र यांनीं घडविले. कापसाच्या तेजींत धनाढ्य झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयास दोन लक्ष व मनोऱ्यास दोन लक्ष रुपये दिले, आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचें नांव द्यावें अशी इच्छा दर्शविली. अमेरिकेंतील यादवी संपतांच १८६५ मध्यें बाजार कोसळला व त्यांची संपत्ति लयास गेली. आईचें नांव मात्र २८० फूट उंच उभें राहिलें.

या वास्तूचा समावेश २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला. तिचें रक्षण करणारे पुष्कळ आहेत. घरच्या आठवणींस असा रखवालदार नाहीं. आपल्या कुळांतून या विद्यापीठाच्या परीक्षेस प्रथम कोण बसलें, त्याची फी कोणीं भरली, कोणाचे दागिने मोडले? १८८३ मध्यें स्त्रियांस पदवीचा मार्ग खुला झाला. त्या मार्गानें घरांतील कोणती लेक वा सून प्रथम गेली? वडील मंडळी आहेत तोंवर हें विचारून, एका कागदावर टिपून, तो कार्डासोबत जपून ठेवावा, अशी वाचकांस आमची विनंती आहे. चित्र कोठेंहि मिळेल. हा मजकूर दुसऱ्या कोणापाशींहि मिळावयाचा नाहीं.