इंग्रजींतील तरतमभाव

इंग्रजी शिकणारें मूल 'मोअर टॉलर' म्हणालें, कीं घरांतील मंडळी त्याची थट्टा करितात. आणि अशा थट्टेनें पुष्कळ मुलें इंग्रजी बोलणेंच सोडतात. आमच्या मतें या चुकीचें मूळ मुलाच्या बुद्धींत नसून मायबोलीच्या स्वभावांत आहे. 'राम आपल्या भावापेक्षां उंच आहे' या वाक्यांत तुलनेचा सारा भार 'पेक्षां' उचलतो. 'उंच' जागचा हालत नाहीं. फार तर आपण 'अधिक' शब्द जोडतों. इंग्रजींत मात्र 'दॅन' असूनही विशेषणास रूप पालटावें लागतें. मूल 'अधिक'साठीं 'मोअर' घालतें आणि शाळेंत पाठ केलेला 'एर'ही सोडीत नाहीं.

नियम मुळांत सोपा आहे. एका उच्चारखंडाच्या शब्दास बहुधा 'एर' लागतो : टॉल, टॉलर. दोन खंडांचा शब्द 'वाय'नें संपत असल्यास तेंच : हॅपी, हॅपिअर. लांब शब्दाआधीं 'मोअर' येतो : मोअर ब्यूटिफुल. क्रियाविशेषणांपैकीं फास्ट, हार्ड, सून यांस 'एर'. परंतु 'ली' जोडून झालेल्या 'क्विक्ली'सारख्यांस 'मोअर'. 'गुड' आणि 'वेल' या दोहोंचें 'बेटर', 'बॅड'चें 'वर्स', हीं रूपें मात्र पाठच करावीं लागतात.

हे प्रत्यय आपणांस अगदींच परके नाहींत. दोघांतील तुलनेचा 'एर' आणि अनेकांतील तुलनेचा 'एस्ट' हे संस्कृतांतील 'ईयस्' व 'इष्ठ' यांचे सगोत्रच आहेत. 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीटेस्ट' हे शब्द शेजारीं ठेवले म्हणजे नातें आपोआप दिसतें.

दुहेरी रूपही केवळ अडाण्यांचें नव्हे. शेक्सपिअरनें 'ज्यूलिअस सीझर' नाटकांत अँटनीच्या तोंडीं 'एस्ट' लागलेल्या विशेषणाआधीं आणखी 'मोस्ट' घातला आहे. पुढें १७६२ सालीं रॉबर्ट लौथ यांनीं आपल्या व्याकरणांत अशा रूपांना दोष दिला; आज तीं अशुद्धच गणलीं जातात. इकडे 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत चांगला. तरी शुक्ल यजुर्वेदाच्या प्रारंभींच 'श्रेष्ठतम' शब्द आला आहे, आणि आपणही 'सर्वश्रेष्ठ' म्हणतोंच.

तेव्हां वडील मंडळींनीं चूक अवश्य सुधारावी, पण हंसून नव्हे. एका शब्दास तुलनेची एकच खूण पुरते, एवढेंच मुलास शांतपणें सांगावें, आणि मराठी वाक्य शेजारीं ठेवून दाखवावें.