जुना संगणक देण्यापूर्वी

पेढीवरचा जुना संगणक एखाद्या पाठशाळेला वा होतकरू विद्यार्थ्याला द्यावा, हा विचार उत्तमच. परंतु हार्ड डिस्क ‘फॉरमॅट’ केली की सारे पुसले गेले, ही समजूत खरी नाही.

क्विक फॉरमॅट म्हणजे खातेवहीची अनुक्रमणिका फाडून पाने तशीच ठेवणे. संगणक ती पाने कोरी मानतो. रिकव्हरी प्रोग्रॅमला मात्र ती वाचता येतात. त्या पानांत ग्राहकांची उधारी असते, पॅन कार्डांच्या प्रती असतात, मुलीचा बायोडाटाही असतो.

मग फुल फॉरमॅट करावे काय? विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत ते डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिते. विंडोज एक्सपीत मात्र ते केवळ खराब सेक्टर तपासते. बराच वेळ चाललेले पाहून आपण निश्चिंत होतो आणि मजकूर जागेवरच राहतो. शिवाय ज्या सी ड्राइव्हवरून विंडोज चालू आहे, तो आतून फॉरमॅट होतच नाही. म्हणून तंत्रज्ञाकडून डिस्क काढून घ्यावी, यूएसबी जोडणीने नव्या संगणकास लावावी आणि सी, डी, ई असे तिचे सर्व भाग फुल फॉरमॅट करावेत. यास काही तास लागू शकतात. यूपीएस असलेला बरा. भलतीच डिस्क निवडली जाऊ नये म्हणून दोन्हींची क्षमता आधी कागदावर लिहून ठेवावी आणि बटण दाबताना शेजारी दुसरे कोणी असावे. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तसेच हे.

अर्थात, त्याआधी नक्कल हवी. तीही दोन ठिकाणी आणि उघडून तपासलेली. आउटलुक एक्सप्रेसमधील पत्रे त्याच डिस्कवर असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्याहून अधिक विसरले जातात ते फॉन्ट! युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण शिवाजी, श्री-लिपी अशा फॉन्टांत मराठी टंकलिखित केले. संस्थेची इतिवृत्ते, वंशावळी, निमंत्रणपत्रिका जपून ठेवल्या आणि तो फॉन्ट गेला, तर नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग तेवढी दिसते. तेव्हा फॉन्टांचा फोल्डरही सोबत घ्यावा आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करून ठेवावी.

डिस्क खडखड आवाज करीत असेल, वाचलीच जात नसेल, तर फॉरमॅटचा खटाटोप व्यर्थ. ती भोके पाडून ई-कचरा संकलनात द्यावी. संगणकासोबत दुसरी डिस्क घालून द्यावी.