लुकलुकणारा बल्ब आणि भलत्यावर आळ

एलईडी बल्ब लुकलुकायला लागला की घरात निदान ठरलेलं असतं: व्होल्टेज कमी झालंय. हे सहसा खरं नसतं. बऱ्याच बल्बच्या खोक्यावर 100 ते 300 व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो. आतला ड्रायव्हर ठीक असेल, तर 230 चे 190 झाले तरी उजेडात फरक कळत नाही. दोष शोधायचा तर लुकलुकण्याची लय पाहावी.

अधूनमधून, वेळीअवेळी फडफडत असेल तर बहुधा कुठेतरी जोड सैल आहे. होल्डर, स्विच किंवा मीटरजवळची न्यूट्रल. गिझर लावल्यावर एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले प्रखर होत असतील, तर बल्ब बदलत बसू नका. घरात थ्री-फेज असून न्यूट्रल सुटली, तर काही दिव्यांना आणि उपकरणांना 230 पेक्षा बराच जास्त दाब मिळतो. फ्रिज-टीव्ही जळतात ते असेच. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

बटण बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतो किंवा थोड्या थोड्या वेळाने चमकतो, म्हणून तो खराब, असं धरून लोक तो फेकून देतात. पण बटणावर इंडिकेटर असेल, तर त्यातून झिरपणारा अगदी क्षीण प्रवाह ड्रायव्हरमधला कपॅसिटर हळूहळू भरतो. तो पुरेसा भरला की बल्ब क्षणभर चमकतो, कपॅसिटर रिकामा होतो, आणि पुन्हा तेच. पिवळ्या बल्बच्या तारेला एवढ्या प्रवाहाने काहीच होत नसे. एलईडीच्या या मिणमिणण्याने बिल म्हणण्यासारखं वाढत नाही. इंडिकेटर नसताना हे होत असेल, तर बटणावर फेजऐवजी न्यूट्रल घेतलेली असू शकते. मग बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते, आणि बल्ब बदलताना झटका बसतो. हे मात्र दुरुस्त करून घ्यायलाच हवं.

‘डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे लुकलुकत नाही’ हाही एक समज. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होऊ पाहतो. ही दरी बुजवायचं काम कपॅसिटरचं. स्वस्त बल्बमध्ये तो अपुरा असतो किंवा नसतोच. बंद फिटिंगच्या उष्णतेने चांगलाही वाळतो. काहींची डोकेदुखी यातून येते. हा प्रकार एलईडीने आणलेला नाही. चोकवाल्या ट्यूबही अशाच थरथरत. फिरतं लेथ थांबल्यासारखं दिसू नये म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर लावत. बल्बखाली पेन्सिल झपाट्याने हलवून बघा. सलग पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर बल्ब हलका आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फिकट पट्टे दिसले तर एवढं मनावर घेऊ नका, काळेकुट्ट दिसले तर घ्या.

जुन्या डिमरवर लावलेल्या साध्या एलईडीबद्दल मात्र तक्रारच करू नये. त्यासाठी डिमेबल बल्ब वेगळा मिळतो, आणि तो मागितल्याशिवाय दुकानदार सहसा देत नाही.