प्रेमपत्रं, भागीदारी आणि एक घाईची सही

‘स्टार्ट-अप’ या कोरियन मालिकेतली प्रेमकथा एका खोट्या सहीपासून सुरू होते. आईवडील वेगळे झालेत, बहीण आईबरोबर निघून गेलीय. एकट्या पडलेल्या सो दाल-मीला मित्र मिळावा म्हणून तिची आजी हान जी-प्योंग या अनाथ मुलाला पत्रं लिहायला लावते. पत्राखालचं नाव वर्तमानपत्रातून उचललेलं असतं : गणित ऑलिम्पियाड जिंकलेला नाम दो-सान. पुढे दाल-मी या दो-सानला शोधायला निघते, तेव्हा तो दोन मित्रांसोबत एक तोट्यातली कंपनी कशीबशी रेटत असतो. पत्रं लिहिणारा जी-प्योंग मात्र यशस्वी गुंतवणूकदार झालेला असतो.

टीव्हीएन वाहिनीवर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० मध्ये दाखवलेली ही १६ भागांची मालिका नेटफ्लिक्सवरून जगभर गेली. सुझी, नाम जू-ह्योक आणि किम सोन-हो या कलाकारांनी रंगवलेल्या या प्रेमत्रिकोणावरून प्रेक्षकांत दोन तट पडले. त्या वादात मालिकेतला धंदा काहीसा झाकला गेला. खरं तर तो फार बारकाईने रंगवलेला आहे.

नवउद्योजकांना जागा, पैसा आणि मार्गदर्शन देणारं ‘सँडबॉक्स’ हे मालिकेतलं केंद्र काल्पनिक आहे. पण सोलजवळच्या पांग्यो परिसरात तंत्रज्ञान कंपन्यांची अशी खरीखुरी वसाहत आहे. कोरियात धंदा बुडाला की कंपनीच्या कर्जाचा बोजा जामीन राहिलेल्या संस्थापकाच्या डोक्यावर यायचा. सरकारी वित्तसंस्थांनी नव्या कर्जांसाठी जामिनाची ही अट २०१८ मध्ये काढून टाकली. अपयशाची तिथली धास्ती यावरून कळते.

मालिकेत हा ताण मैत्रीपर्यंत पोचतो. समभाग मित्रांनी सारखे वाटून घेऊ नयेत, निर्णय एकाच्या हाती हवा, असं जी-प्योंग बजावतो आणि मित्रांत कुरबुर सुरू होते. दृष्टिहीनांना समोरच्या वस्तू सांगणारं ॲप ही मंडळी बनवतात. आजीची दृष्टी जात चालल्यामुळे ते काम घरचंच होऊन बसतं. मग एक परदेशी कंपनी त्यांना विकत घ्यायला येते. करारावर सह्या होतात आणि नंतर कळतं, की तिला फक्त तिघे प्रोग्रॅमर हवे होते. कंपनीची मुख्याधिकारी झालेली दाल-मी आणि डिझायनर बाहेर! दो-सान सॅन फ्रान्सिस्कोला जातो, प्रेमही तुटतं.

जी-प्योंगच्या फटकळपणाचीही मालिका गय करत नाही. त्याच्या जहरी शेऱ्यांनंतर एका तरुण उद्योजकाने आत्महत्या केलेली असते आणि त्याचा धाकटा भाऊ दो-सानच्याच चमूत असतो. सल्ला बरोबर असूनही तो कसा दिला, याचा जाब इथे विचारला जातो.

योगायोगांची गर्दी आणि तीन वर्षांची उडी घेतल्यावर सैल पडलेला उत्तरार्ध हे मालिकेचे दोष आहेतच. तरीही मित्रांबरोबर कंपनी काढायच्या बेतात असलेल्यांनी ती जरूर पाहावी आणि कुठल्याही करारावर सही करण्याआधी तो वकिलाकडून वाचून घ्यावा.