गॅसची काच साफ करताय? ब्लेड खाली ठेवा!

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

नाशिकमध्ये आता बऱ्याच घरांत काचेची शेगडी दिसते. दूध उतू गेलं, मिसळीची तर्री सांडली, डाग करपला, की आपण मोबाइलवर व्हिडिओ शोधतो. तिथे कुणीतरी काच ब्लेडने खरवडत असतं. जरा थांबा. ती काच वेगळी, आपली वेगळी.

परदेशातल्या विजेच्या शेगड्यांवर आणि आपल्या इंडक्शनवर ग्लास-सिरॅमिक असतं. ते तापलं तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून गरम-गारचा फटका सोसतं.

आपल्या गॅसवर असते टफन्ड काच. साधी काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोटात कायम ताण. हा दाब म्हणजेच तिची ताकद. खोल ओरखडा किंवा कडेचा टवका आतपर्यंत पोचला, की ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा चुरा होतो. कधी टवका आज उडतो आणि काच फुटते काही दिवसांनी, स्वयंपाक चालू असताना.

मग साफ कसं करायचं?

१. रेग्युलेटर बंद करा. काच हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या काचेवर गार पाणी किंवा ओला फडका अजिबात नको.

२. स्टँड आणि बर्नर उचलून बाजूला ठेवा, काचेवरून ओढू नका.

३. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. फडका बुडवून घट्ट पिळा आणि डागावर १५ मिनिटं ठेवा. पाणी बर्नरच्या जागेतून आत जाता कामा नये.

४. डाग राहिलाच, तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट आणि स्पंजची मऊ बाजू. तारेची घासणी, राख, भांड्यांची खरखरीत पावडर नको, त्यांनी ओरखडे पडतात.

५. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग क्षार असतात. व्हिनेगर किंवा लिंबू लावा आणि लगेच पुसा. त्यात ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

६. कोरडं पुसा, बर्नर नीट बसवा, पेटवून ज्योत निळी आहे ना बघा.

शेवटचं काम एका मिनिटाचं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काचेच्या कडा तपासा. तडा किंवा टवका दिसला, तर चिकटपट्टी लावून दिवस ढकलू नका. शेगडी बंद ठेवा, काच बदलून घ्या. आणि गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन.

घरात जो कोणी घासणी घेऊन ओट्याशी उभा असतो, त्याला हा भाग आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!