कोल्हा खाटेवर, गिधाडं उशाशी

गडगंज पैसा, मागे ना बायको ना मूल, आणि गृहस्थ मरायला टेकलेला. अशा घरी 'आपली माणसं' किती पटकन वाढतात, हे कुणाला सांगायला नको. बेन जॉन्सनच्या 'व्होल्पोने' या प्रहसनात व्हेनिसमधल्या एका धनिकाच्या दारी अशीच रीघ लागते. फक्त गृहस्थ ठणठणीत आहे. हे प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून माहीत असतं आणि आशाळभूत वारसांना शेवटच्या प्रवेशापर्यंत नाही. नाट्यशास्त्राची पुस्तकं याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. जॉन्सनने त्यावर अख्खी पाच अंकी मेजवानी उभी केली.

पाच आठवड्यांत तयार!
हा दावा खुद्द जॉन्सनचा, नाटकाच्या नांदीतच केलेला. वर, कुणाची मदत घेतली नाही हेही ठणकावून सांगितलेलं. १६०६ साली शेक्सपिअरच्याच नाटक मंडळीने लंडनच्या ग्लोब थिएटरात ते रंगवलं. कथासार सात ओळींचं आहे आणि ओळींची आद्याक्षरं खाली वाचत गेलं की 'व्होल्पोने' हे नाव तयार होतं. पठ्ठ्याला घाई होती म्हणे!

नावातच कुंडली
व्होल्पोने म्हणजे कोल्होबा. त्याचा हरकाम्या मोस्का ही माशी. वकील व्होल्तोरे हे गिधाड, जख्ख कोर्बाच्चो हा डोमकावळा आणि व्यापारी कोर्व्हिनो हा साधा कावळा. कोल्हा मेल्याचं सोंग घेऊन पडतो आणि टोचायला आलेले पक्षी गट्टम करतो, ही युरोपातली जुनी प्राणिकथा. म्हणजे पात्रपरिचय झाला की गोष्ट फुटलीच. जॉन्सनला त्याची फिकीर नाही, कारण 'पुढे काय होणार' यापेक्षा 'याला अजून कसं कळत नाही' यात त्याला जास्त रस आहे.

धंदा जुनाच
निपुत्रिक श्रीमंतांच्या मागे लागणं हा प्राचीन रोममधला बदनाम उद्योग होता. होरेसच्या एका उपरोधिकेत तर भविष्यवेत्ता टायरेसिअस युलिसिसला हाच धंदा कर म्हणून सल्ला देतो.

बहिऱ्याच्या तोंडावर
खरी धमाल पहिल्या अंकात. 'मृत्युपत्रात एकट्या तुमचंच नाव आहे' असं मोस्का प्रत्येकाच्या कानात सांगतो. मग कुणी चांदीचं भांडं आणतो, कुणी मोहरांची पिशवी, कुणी मोती. कोर्बाच्चोचा एक पाय थडग्यात, तरी 'रोग्याच्या' मागे आपण उरणार याची त्याला खात्री. तो तर झोपेचं औषधच घेऊन आलेला असतो, रोगी कायमचा झोपेल असं. दुखण्याचं एकेक लक्षण ऐकून त्याची कळी खुलत जाते. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मोस्का त्याच्या समोरच त्याला गाढव म्हणतो आणि म्हातारा खूश होऊन बाहेर पडतो.

कोर्व्हिनोची गंमत याच्या उलट. रोग्याला आता काही ऐकू येत नाही, असं मोस्का त्याला पटवतो आणि कानाशी जाऊन शिव्या घालायला लावतो. पठ्ठ्या मनसोक्त घालतो. उशीने श्वास कोंडायची गोष्ट निघते, तेव्हा म्हणतो, काय करायचं ते कर, फक्त माझ्यासमोर नको. पांघरुणाखालचा माणूस शब्द न् शब्द ऐकतोय. खाटेवरच्याला ऐकू येत नाही असं ज्याला वाटतं तो फसतो, आणि ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तोही फसतो.

सोंगाचं दुखणं
लेडी वुड-बी ही इंग्रज बाई समाचाराला येते आणि बोलतच सुटते. औषधं, कवी, स्वप्नं, काही सुटत नाही. मरणासन्न माणसाला उठून पळता येत नाही, 'पुरे' म्हणून ओरडताही येत नाही. पूर्ण नाटकात व्होल्पोनेला खरा ताप इथे होतो. नंतर कोर्टात त्याला उचलून आणतात. तिथे पायात खराच गोळा येतो आणि घाबरलेली स्वारी घरी आल्यावर वाइन ढोसते.

इथे हसू अडकतं
कोर्व्हिनो महासंशयी. बायको सीलिया खिडकीत दिसली, तर खाली औषधं विकणाऱ्या वैदूलाही तो मारत सुटतो (तो वैदू म्हणजे वेशांतर केलेला व्होल्पोने). पण वारसा पक्का होणार म्हटल्यावर हाच नवरा बायकोला स्वतः त्या खाटेपाशी आणतो. वृद्धाला फक्त ऊब हवी आहे, असं त्याला सांगितलेलं. तो गेल्यावर रोगी टुणकन उडी मारून उठतो. कोर्बाच्चोचा मुलगा बोनारिओ सीलियाला वाचवतो, तर कोर्टात हे दोघेच आरोपी ठरतात. सगळं माहीत असूनही आपण खुर्चीत गप्प.

मराठी प्रेक्षकाला मोलिएरचा कंजूस जवळचा, अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मुळे. त्याचा जीव पैशात. व्होल्पोनेचा जीव पैसा कसा आला यात, आणि ही हौसच त्याला बुडवते. वारसांची फजिती पाहायला तो स्वतःच्या मरणाची बातमी पसरवतो, मोस्काला वारस नेमतो आणि पडद्याआड लपतो. कायद्याने आता मोस्का मालक, व्होल्पोने मयत. चाव्या परत कशाला द्यायच्या? मोस्का निम्मा हिस्सा मागतो. व्होल्पोने आधी नाही म्हणतो, आणि हो म्हणेपर्यंत मोस्काला निम्मं पुरेनासं होतं. न्यायाधीशांपैकी एकजण तर मनातल्या मनात मोस्काला जावई करून मोकळा! आता काही मिळणार नाही हे कळल्यावर व्होल्पोने भर कोर्टात सोंग उतरवतो आणि सगळ्यांनाच घेऊन बुडतो.

निकालपत्र
मोस्काला फटके आणि जन्मभर गलबतावर वल्ही. खानदानी नसल्याने शिक्षाही जड. वकिलाला हद्दपारी. कोर्बाच्चो मठात, मालमत्ता मुलाला. कोर्व्हिनोला गाढवाचे कान लावून कालव्यातून मिरवणार, बायको तिप्पट हुंड्यासह माहेरी. व्होल्पोनेची संपत्ती असाध्य रोग्यांच्या इस्पितळाला, आणि तो स्वतः खरोखर आजारी अन् पांगळा होईपर्यंत बेड्यांत. प्रहसनाला हा शेवट फार कडक झाला, अशी कुरकुर होणार हे जॉन्सनला ठाऊक होतं. १६०७च्या छापील प्रतीत त्याने ऑक्सफर्ड-केंब्रिजला उद्देशून त्याचं समर्थनही केलंय.

पण शिक्षा ऐकून आत गेलेला व्होल्पोने पुन्हा एकटाच रंगमंचावर येतो. कायद्याने मला शिक्षा दिली, म्हणतो. तुमचा काही अपराध केला असेल तर बोला, नाहीतर टाळ्या वाजवा.