पोट दुखतंय म्हणून

आवणीचे दिवस आहेत. नाशिकच्या सिव्हिलमध्ये, अपघात विभागाच्या दाराशी उजाडता उजाडता १०८ येऊन थांबते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून घाट चढून आलेला दहा-अकरा वर्षांचा पोरगा. सोबत आजी.

"मध्यरात्रीपासून पोट दुखतंय. दोनदा ओकला."

डॉक्टर मॅडम पोट दाबून बघतात. मऊ आहे. मग त्यांची नजर चेहऱ्यावर जाते. "बाळा, वर बघ." पोरगा बघू जातो, पण पापण्या निम्म्यावरच अडतात.

"आजी, रात्री कुठं निजला होता?"

"खालीच. आम्ही सगळेच खाली निजतो."

"काही चावलं?"

"नाही बाई."

बोटं, टाचा, कानामागं. कुठंच खूण नाही. तरी मॅडम सिस्टरना म्हणतात, "मण्यार आहे. एएसव्हीच्या १० कुप्या काढा." खरं निदान हेच, असं मला वाटतं. मण्यारीचे दात बारीक. दंश ना दुखतो, ना सुजतो. खूण शोधत बसलं तर तेवढ्यात श्वास बंद पडायचा.

काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलंय. ते गोठतं. घोणस किंवा फुरसं असतं, तर बहुधा पातळच राहिलं असतं. इकडे सिस्टर एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या लशीच्या, कुप्यांतली पावडर हलकेच घोळवून विरघळवताहेत; जोरात हलवली की फेस येतो. रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलंय.

"एवढ्याशा पोराला १०?" आजी घाबरते.

"आजी, साप लहान-मोठं बघून विष सोडत नाही."

"एका दमात मोज रे." पोरगा १५ पर्यंत जातो. थोड्या वेळानं ११. मग ८. मॅडम व्हेंटिलेटरची खाट तयार ठेवायला सांगतात आणि आजीपासून काही लपवत नाहीत: "लस रक्तातलं विष पकडते. नसांना बाधलंय ते भरून यायला दिवस लागतील. तोवर मशीन श्वास देईल."

स्ट्रेचर आयसीयूकडे निघतं.

पावसाळ्यात जमिनीवर निजलेलं माणूस पोट धरून उठलं आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर भगताकडे वेळ घालवू नका. दोरी आवळू नका. साप शोधत फिरू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ही एकच लस चालते. लगेच १०८ लावा. आणि जमेल तिथं बाजेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा.